मुदतीआधी सोडवलेलं घर

सोनारवाडी, बेलापूरजवळ
९ जानेवारी १९७२

बिबीजानमावशींना रंगनाथचा नमस्कार.

तुम्हाला राहुरीला जाऊन दोन महिने होत आले आणि पोहोचल्याचं साधं कार्ड नाही. गावभर लोकांच्या खुशालीची पत्रं वाटत हिंडणाऱ्या पोस्टमनला आपल्याच मावशीची खुशाली कळू नये, हे काही बरं दिसत नाही. तुम्हाला लिहिता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या भाच्याची, दिलावरची बायको सातवी शिकलेली आहे. तिला सांगितलंत तर चार ओळी लिहील. हे पत्रही तीच वाचून दाखवत असणार, तेव्हा शरिफाबाईंनाही नमस्कार.

इकडे आम्हा नवरा-बायकोचं सगळं ठीक. पुढच्या दोन्ही खोल्या गोजरने सारवून घेतल्या. साडेचार वर्षं मागच्या एका खोलीत काढली आणि मागच्या बोळातून ये-जा केली, त्यामुळे रस्त्याचं दार आपलं झालं तरी पाय अजून बोळाकडेच वळतात. लोक ओट्यावर येऊन बसतात आणि विचारतात की तुझ्या तुटपुंज्या पगारात पंधराशे रुपये फेडलेस कसे, आणि तेही मुदतीआधी. मग मी सांगतो. घरचा चहा सोडला. दुसऱ्याचाही सोडला, कारण प्यायला की कधीतरी पाजावा लागतो. विडी सोडली. सायकलचा टायर तीन वर्षं शिवून शिवून चालवला. गोजरने शेळी पाळली आणि दूध विकलं, घरात थेंब ठेवला नाही. सुट्टीच्या दिवशी मी लोकांचे अर्ज लिहून दिले, अर्जाला चार आणे. एक जण म्हणाला की शाळेत येऊन पोरांना हे सगळं सांग, म्हणजे त्यांना काटकसर कळेल. मी नको म्हटलं.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी टपाल घेऊन वाड्यांवर गेलो होतो. मुद्दाम गेलो नव्हतो, त्या दिवशी टपालच जास्त होतं. गोजर सांगते की तिने चहा टाकला होता आणि तुम्ही न पिताच गाडीत बसलात. मनात काही धरू नका, मावशी. व्यवहार म्हणजे व्यवहार. सदुसष्ट साली गोजरच्या पोटाच्या ऑपरेशनला तुम्ही मला पंधराशे दिलेत आणि मी पुढच्या दोन खोल्या तुम्हाला गहाण म्हणून राहायला दिल्या. ना तुम्ही व्याज घेतलंत, ना मी भाडं. पैसे परत आले, घर परत आलं. कुणी कुणाचं काही बुडवलं नाही. आपल्यातला कागद मी लगेच फाडून टाकला आहे, त्याची काळजी नसावी.

तुमचं कोंबड्यांचं खुराडं इथेच राहिलंय. पाठवू का ते कळवा.

तुमचा
रंगनाथ


सोनारवाडी
२५ जून १९७२

मावशी,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. मार्चमध्ये कार्ड टाकलं, त्यालाही नाही. पत्रं गहाळ झाली म्हणावं तर माझ्याच खात्याला माझ्याच तोंडाने नावं ठेवल्यासारखं होईल. पत्रं पोहोचली आहेत, हे मला कळतं. तुम्ही रागावला आहात, हेही कळतं.

परवा बन्सी न्हावी राहुरीहून आला. तुमच्या वेळी आपल्या ओट्यावर बसून हजामती करायचा तोच. त्याने चारचौघांत सांगितलं की तुम्ही इथून नेलेले पंधराशे दिलावरने पंधरा दिवसांतच मागून घेतले. कुणाशी तरी भागी करून जुना टेम्पो घेतला, तो चार महिन्यांत बंद पडला, आणि भागीदाराने मोडीत विकून स्वतःचे तेवढे वसूल केले. आता एका खोलीत दिलावरची सहा माणसं आणि उंबऱ्याजवळ तुमचं अंथरूण. हे सांगताना बन्सी माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, त्यांनी पैसे भाच्याला दिले, त्याला मी काय करणार? मग ज्याने त्याने आपापली वाट धरली.

शरिफाबाई, तुमच्या घरातलं हे तुम्हालाच वाचायला लागतंय, माफ करा.

मावशी, बन्सी गेल्यावर मला तुमचं एक बोलणं आठवलं. सदुसष्टच्या वैशाखात आपण कागद केला. तुमचे मालक साखर कारखान्यात कामावर असताना वारले होते, त्यांचे आलेले पैसे तुम्ही फडक्यात बांधून आणले होते. मी म्हणालो की मावशी, सगळेच नका देऊ, थोडे स्वतःजवळ ठेवा. तर तुम्ही म्हणालात, "हातात ऱ्हायलं तर दिलावर ग्वाड बोलून नेईल. मी न्हाई म्हनू शकनार न्हाई. तुज्या भितीत घातलं म्हंजी माझं ऱ्हातंय." हे मला तेव्हा माहीत होतं आणि गेल्या कार्तिकात तुमच्या हातात नोटा मोजून दिल्या तेव्हाही माहीत होतं.

आणखी एक सांगतो. ओट्यावरच्या लोकांना मी चहाचं सांगतो, टायरचं सांगतो, हे सांगत नाही. पैसा साठवणं पहिल्या वर्षी सोपं गेलं. गोजर वाचली होती, त्या आनंदात भाकरीवर नुसतं तिखट असलं तरी चालायचं. तिसऱ्या वर्षी उमेद संपली. पोस्टाच्या पुस्तकात साडेसातशे झाले होते आणि अजून तेवढेच राहिले होते. वाटायचं की मरू दे, सात वर्षांची मुदत आहे, कशाला जीव आटवायचा? एकदा चाळीस रुपये काढून भिंतीवरचं घड्याळ घ्यायला निघालोही होतो.

त्याच आठवड्यात बेलापूरचा एक माणूस माझं घर विचारत पुढच्या दारी आला. तुम्ही त्याला सांगितलंत, पोस्टमन मागल्या बोळात ऱ्हातो. खरं तेच सांगितलंत, सरळपणे सांगितलंत. पण मला ते लागलं. घड्याळ राहिलं आणि ते चाळीस रुपये परत पुस्तकात गेले. तेव्हा मला कळलं की राग आला की पैसा साठतो.

त्यानंतर मी रोज तुमच्यात काहीतरी वाईट शोधायला लागलो. कोंबड्या ओटा घाण करतात. बिबीजानने भिंतीत खिळा ठोकला. बिबीजानकडे पाहुणे येतात आणि माझ्या ओट्यावर पाय पसरून बसतात. बिबीजान मोठ्याने हसते. तुम्ही गोजरला दर शुक्रवारी शिरा पाठवायचात, तर मी म्हणायचो की आपल्याच घरात बसून आपल्याला शिरा पाठवते. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. राग कमी पडला की मी नवा शोधायचो. अशाने शेवटचे साडेसातशे दोन वर्षांत जमले.

पण पैसे मी पुरते दिले. पैही कमी दिली नाही. एवढं तरी तुम्ही माझ्या बाजूने धराल ना?

रंगनाथ


सोनारवाडी
११ डिसेंबर १९७२

मावशी,

हे पत्र शरिफाबाई वाचतील. शरिफाबाई, तुम्हाला हात जोडून सांगतो, यातलं काही गाळू नका आणि काही बदलू नका. मागच्या पत्रात दिलावरचं लिहिलं होतं. ते तुम्ही वाचून दाखवलंत की नाही, मला माहीत नाही. न वाचावंसं वाटणं मी समजू शकतो, आणि मी का समजू शकतो हे पुढे येईल.

गेल्या मंगळवारी मी एका नातलगाच्या दहाव्याला राहुरीला आलो होतो. रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायांची रांग होती. मी सायकलवरून बघत चाललो होतो, तर रांगेत तुम्ही दिसलात. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. हातोडी उचलायच्या आधी तुम्ही एक दम घेत होतात, मग उचलत होतात. साठी उलटलेल्या बाईने उन्हात बसून धरणाच्या तालुक्यात खडी फोडायची! मी सायकल वळवली आणि शेताच्या बांधावरून दुसऱ्या वाटेने गेलो. तुम्ही मला बघितलं नसेल. बघितलं असेल तर मी पळून गेलो हेही बघितलं असेल.

तुम्ही दरवर्षी उन्हाळ्यात म्हणायचात की सोनारवाडीच्या आडाचं पाणी दुष्काळातसुद्धा हटत नाही. यंदाही हटलेलं नाही. त्या आडाशेजारच्या खोल्यांवर तुमचा हक्क चौऱ्याहत्तरच्या वैशाखापर्यंत होता. तो मी खोटं बोलून काढून घेतला. आता लिहितो.

मी कार्तिकात पंधराशे रुपये रुमालात बांधून तुमच्यासमोर ठेवले. तुम्ही पैशाला हात लावला नाहीत. म्हणालात, "सात वर्सं म्हनलं हुतं नव्हं रं? आजून अडीच ऱ्हायली." मग ट्रंकेतून कागद काढलात आणि मलाच दिलात. "काय लिवलंय बघ. तूच वाच."

कागदात ओळ अशी होती: मुदतीआधी रक्कम परत घेऊन घर सोडावे किंवा कसे, हे बिबीजान यांचे मर्जीवर राहील.

मी वाचलं: हे रंगनाथ यांचे मर्जीवर राहील.

बाकी एक अक्षर बदललं नाही. आवाजही बदलला नाही. अडखळलोसुद्धा नाही. कारण आदल्या आठ दिवसांत टपाल वाटताना वाड्यावाड्यांच्या वाटेवर मी ती ओळ मनात घोकली होती. तुम्ही कागदाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "लिवलं आसंल तर लिवलं आसंल. तू काय मला खोटं वाचशील व्हय?"

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी फक्त एवढंच म्हणालो की महिनाभर राहा, घाई नाही. तुम्ही आठ दिवसांत निघालात. कागद फाडला असं मी पहिल्या पत्रात लिहिलंय. फाडला नाही, चुलीत घातला, आणि पुरता जळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

पंधरा वर्षं मी या गावाची पत्रं वाचतोय. लोकांचे लेक गेल्याच्या तारा वाचल्या. जावयाने लेकीला टाकल्याची पत्रं तिच्या आईसमोर वाचली. माणूस रडेल, पडेल, म्हणूनसुद्धा कधी एक शब्द फिरवला नाही. लोक म्हणतात, रंगनाथ म्हणजे छापील कागद. सगळ्या गावात एकदाच शब्द फिरवला, तो तुमच्यासाठी. जिने माझी बायको वाचवली तिच्यासाठी.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात हाच माझा सगळ्यात मोठा राग होता असं आता वाटतं. तुम्ही भांडला असतात, चार माणसं गोळा केली असतीत, तर मी पकडला तरी गेलो असतो.

मावशी, परत या. पुढच्या दोन्ही खोल्या तुमच्या. पैशाचं काही नाही, मुदतीचं काही नाही. जिवात जीव आहे तोवर राहा. गोजरला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

रंगनाथ


सोनारवाडी
१८ फेब्रुवारी १९७३

मावशी,

तुमचं कार्ड मिळालं. थैलीतून माझ्याच नावाचं कार्ड माझ्याच हातात आलं आणि मी ते देवळाच्या पायरीवर बसून वाचलं. दोनच ओळी आहेत, आता पाठ झाल्या. "येनार न्हाई. तवा माझ्या पैशानं ऱ्हात हुते, आता तुज्या दयेनं ऱ्हावं लागंल." खाली शरिफाबाईंची सही.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी तुमच्यावर दया करायला निघालो होतो, म्हणजे पुन्हा मीच वर बसणार होतो.

गोजरला सांगितलं. आधी मी दहा वेळा टाळलं. माझ्याच हाताने सोडवलेल्या घरात मला माझ्याच बायकोसमोर तोंड उघडवेना. शेवटी ती भाकरी थापत असताना सांगितलं, म्हणजे तिची पाठ माझ्याकडे असेल. तिने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजून घेतली. मग म्हणाली, "माज्या पोटावरचं टाकं त्येंच्या पैशाचं हायेत. आन् तुमी त्येंनलाच भाईर काडलं." एवढंच. मला वाटलं होतं की ती रडेल किंवा शिव्या घालेल. ती उठली आणि पुढच्या खोलीतले हंडे मागच्या खोलीत न्यायला लागली. मी हात लावायला गेलो तर म्हणाली की ऱ्हाऊ द्या. शेळीसुद्धा तिनेच मागे नेऊन बांधली. आता आम्ही पुन्हा बोळातून ये-जा करतो. पाचव्या दिवशी तिने आपणहून विचारलं की मावशीचं काही आलं का.

मग मी स्टँप कागद आणला. या पत्राबरोबर रजिस्टरने पाठवतोय. त्यात दयेचं काही नाही. तुमचे पंधराशे रुपये माझ्याकडे आहेत असं त्यात लिहिलंय, कारण ते दिलावरच्या हाती गेले ते माझ्यामुळे. पुढच्या दोन खोल्या तुमच्याकडे पहिल्यासारख्याच गहाण. व्याज नाही, भाडं नाही. मुदत घातलेली नाही. पैसे घेऊन घर कधी सोडायचं, की सोडायचंच नाही, ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही उद्या मागितलेत तर द्यायला हवेत म्हणून मी पुन्हा साठवायला लागलो आहे. आजपर्यंत छत्तीस रुपये झाले. या वेळी राग नाही, मावशी. लाज आहे. ती रागापेक्षा जास्त दिवस पुरेल असं दिसतंय, कारण ती मला शोधावी लागत नाही.

कागदावर दोन साक्षीदार आहेत, बालवाडीच्या आक्काबाई आणि आपल्या शेजारचा सहादेव. त्यांना कारण सांगावं लागलं. सहादेव आधी हसलाच. त्याला वाटलं की मी थट्टा करतोय. रंगनाथ आणि खोटं वाचणार, असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग माझं तोंड बघून हात काढून घेतला. आक्काबाईंनी कागद मोठ्याने दोनदा वाचला आणि सही केली. माझ्याकडे वर मान करून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावाला कळलं. आता म्हातारी माणसं माझ्याकडून पत्र घेतात, "बरं बरं" म्हणतात आणि काठी टेकत आक्काबाईंकडे जातात. कुणी मला वाईट बोलत नाही. म्हाताऱ्या राहीबाईने तर कालसुद्धा पाकीट माझ्यापुढे धरलं, मग तिचं तिलाच आठवलं आणि तिने ते पदराखाली घेतलं. मी सायकलवर टांग मारली.

या कागदात काय आहे ते मी तुम्हाला सांगितलं, पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

रंगनाथ


राहुरी
७ मार्च १९७३

रंगनाथला बिबीजानचा सलाम. मी बोलते आन् शरिफा लिवते.

तुजा कागद पोचला. शरिफानं वाचला. मग मी तो घिऊन शाळंच्या मास्तराकडं गेले, तेनीबी वाचला. दोघांनी येकच वाचलं.

तुजी आदली पत्रंबी शरिफानं समदी वाचून दावली हुती. दिलावरचं आलं तवाबी तिनं काय गाळलं न्हाई.

रस्त्यावर मी तुला वळखलं हुतं. सायकलीवरनंच वळखलं.

कागदात पैसं माजं हायेत आसं लिवलंय, म्हनून येते. पुढल्या सोमवारी दुपारच्या गाडीनं. गोजरला म्हनावं खोल्या सारवून ठिव, आन् मागल्या टायमाला माज्यासाटी टाकलेला चहा मी प्याले न्हाई, तो आता पिईन. तिचा काय दोस न्हाई.

तुज्यावर माझा राग न्हाई. आदी लई हुता, आता खडी फोडून फोडून गेला. पन येक सांगते. माजं पत्र आलं तर दारात ठिवायचं. वाचून दावायचं न्हाई.

बिबीजान